दहा मुलांपुरती मोकळी जमीन

"सोफा धरत नाहीत म्हणजे काय? मग मुलांनी बसायचं कुठे?" गोदामकाकांनी विचारलं.

"सोफ्याखालची जमीन धरत नाहीत," मावशी म्हणाल्या. "कपाटाखालची नाही, टेबलाखालचीही नाही. दर मुलामागे अमुक इतकी मोकळी जमीन, असा नियम आहे. आपल्या हॉलमध्ये तशी मोजली तर चार मुलं बसतात. आणि तपासणीच्या मॅडम दुपारी येतायत."

मावशींच्या पाळणाघरात मुलं होती दहा. आज परवाना चारचाच मिळाला, तर उद्या सहा आयांना दारातून परत पाठवावं लागणार होतं, आणि ते मावशींच्याने होणं शक्य नव्हतं. सकाळपासून त्यांनी एकच खिडकी तीनदा पुसली होती. मधूनच त्या दारापर्यंत जात आणि कशाला आलो ते न आठवून परत येत.

गोदामकाका म्हणजे त्यांचे यजमान. उभी हयात गोदामात गेली. नोकरी सुटली तरी गोदाम काही सुटलं नव्हतं. सगळ्यात मोठा नग सगळ्यात आत, मग त्याहून लहान, आणि दाराशी चिल्लर, ही त्यांची रचना. बायकोचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी बाह्या सरसावल्या.

"अर्ध्या तासात हॉल मोकळा करून देतो. सगळं झोपायच्या खोलीत."

"मावेल?"

"मला विचारतेस?"

मुलांना स्वयंपाकघरात कोंबून काका कामाला लागले. शेजारच्या पहिलवानाला हाताशी घेतलं. झोपायच्या खोलीतला पलंग हा सगळ्यात मोठा नग, म्हणून तो उभा करून आतल्या भिंतीला टेकवला. त्याच्यापुढे दोन्ही कपाटं, मग सोफा, त्यावर टेबल, टेबलावर खुर्च्या, आणि फटींमध्ये उशा. शेवटी छताशी एक स्टूल सरकवून काका मागे सरले आणि आपल्या कामाकडे कौतुकाने पाहत राहिले. कौतुक करण्यासारखंच काम होतं ते. खोलीत आता मुंगीलाही वाट नव्हती.

मॅडम आल्या त्या घाईतच. बोलायला वेळ नव्हता. फरशीवर बसून त्यांनी हॉल मोजला, आकडेमोड केली आणि मान हलवली.

"दहा मुलं बसतात. सांभाळायला मोठी माणसं किती?"

"दोन. मी आणि आमच्या सासूबाई," मावशी म्हणाल्या. छातीवरचा दगड उतरला होता.

"त्यांना बोलवा. दोघींना बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

मावशींनी हाक मारली. उत्तर नाही. गच्ची झाली, शेजार झाला. आई कुठेच नाहीत.

"अहो, आई कुठे गेल्या?"

"मघाशी आंघोळीला जाते म्हणाली," काका म्हणाले. "तपासणीच्या मॅडम येणार म्हणून केससुद्धा धुणार होती."

"कुठल्या न्हाणीघरात?"

काकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. झोपायच्या खोलीतल्या आतल्या भिंतीत आईंच्या न्हाणीघराचं दार होतं. सगळ्यात मोठा नग नेमका तिथे उभा होता. तेवढ्यात खोलीच्या खोल पोटातून धपधप आवाज आला आणि मागोमाग बारीक आवाज, "अरे, दार का उघडत नाही? मी केव्हाची तयार आहे."

"आई, जरा थांबा," मावशी ओरडल्या. "तुमच्या चिरंजीवांनी तुम्हाला आत रचून ठेवलंय."

आता सामान काढणं आलं. ठेवायला हॉलखेरीज जागा नव्हती. स्टूल निघालं, खुर्च्या निघाल्या. पहिलवान एव्हाना कामावर निघून गेला होता, तेव्हा मॅडमनी पर्स गळ्यात अडकवून सोफ्याचं एक टोक धरलं. "हळू, माझ्या पायावर नको," एवढंच त्या म्हणत होत्या. गडबड ऐकून मुलं बाहेर आली आणि सोफ्यावर चढली, तो अजून हवेत असतानाच. कपाटं आली, पलंग आला, आणि सगळ्यांच्या शेवटी ठेवणीतले कपडे घालून, ओले केस पुसत आई आल्या.

"नमस्कार. दोन नंबरची मी," त्या म्हणाल्या.

"माणसं दोन, बरोबर," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. मग त्यांनी हॉलकडे पाहिलं. पलंग आणि कपाटाच्या मधे त्या स्वतःच अडकल्या होत्या. "पण जागा राहिली नाही."

"अहो, आत्ताच तुम्ही दहा मोजलीत ना?"

"सामान परत इथेच आलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. आता मी दहा कसं लिहू? फार तर तीन."

मावशी पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांना रडूच कोसळलं. "सात लेकरांच्या आयांना काय सांगू मी? त्यांनी काम सोडायचं का?"

अचानक घर शांत वाटलं म्हणून सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हॉलमध्ये एकही मूल नव्हतं. दहाही जण रिकाम्या झालेल्या झोपायच्या खोलीत गोल गोल पळत होते, आणि कोणी कोणाला धडकत नव्हतं.

मॅडम कपाटाला वळसा घालून दारात गेल्या. त्यांनी टेप काढला. या घरात राहायला आल्यापासून ती खोली रिकामी अशी कोणी पाहिलीच नव्हती. हॉलपेक्षा ती चांगली लांब निघाली.

"बारा मुलं," मॅडम म्हणाल्या. "न्हाणीघर लागूनच आहे, ते तर उत्तमच. या खोलीवर परवाना देते. मात्र यात एकही वस्तू ठेवायची नाही. मी न सांगता येऊन बघते."

मावशींनी डोळे पुसले आणि पदराला लोंबकळणाऱ्या पहिल्या पोराला उचलून घेतलं. आईंनी पलंगावर बैठक मारून केस सोडले. गोदामकाका मात्र हॉलमध्ये खुर्च्यांच्या ढिगाशी उभे होते.

"मॅडम, मुलांचं झालं. आम्ही तिघांनी झोपायचं कुठे?"

मॅडम टेप गुंडाळत सोफ्यावरून पलीकडे उतरल्या.

"मोठ्या माणसाला किती जागा लागते," त्या म्हणाल्या, "याचा नियम अजून आलेला नाही."