आवलीनबाय वाट विचारते

आवलीनबाय भर बाजारातल्या तिठ्यावर स्कूटर बंद करते, डोळे मिटते आणि देवाला वाट विचारते. तिच्या मागे मी बसलेला असतो. माझ्या मागे मासळीची रिक्षा, शाळेची बस आणि निम्मी डिचोली हॉर्न वाजवत असते.

"बाय, गाडी बंद पडली?" एकदा पोलिसाने विचारलं.

"गाडी न्हय बाबा, हांव बंद पडल्यां. वाट विचारतां."

"मग मला विचारा की!"

"तुका पणजेची वाट खबर. माका गरजेची वाट जाय."

आवलीनबाय माझी शेजारीण. सत्तरीची, शिवणकामाची निवृत्त शिक्षिका. कोपेलतर्फे, म्हणजे गावच्या छोट्या चर्चतर्फे, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना म्हणायची, ही तिची सेवा. पाद्री दर आठवड्याला घरांची यादी देतात. ती यादी ती आदराने घडी घालून पर्समध्ये ठेवते आणि तिठ्यावर सायबाला, म्हणजे येशूला, विचारते, 'आधी कोण?' मी हिंदू, खाणीवरचा जुना टाइमकीपर. मोतीबिंदूनंतर स्कूटर सुटली, तेव्हापासून बाजारापर्यंत म्हणून तिच्या मागे बसतो. पोचतो कुठेही.

एकदा पोचलो ते ठणठणीत माणसांच्या घरी. एकटी सून फणस फोडत बसली होती. आम्हीही हाताला तेल लावून तासभर गरे काढले. परतताना मी म्हटलं, "आज तुझा सायब चुकला."

"सायब चुकना. हांव दावें-उजवें चुकतां."

हे मात्र खरं. पण ती सून फाटकापर्यंत आली होती, आणि डोळे पुसत म्हणाली होती, "परत येयात हां. घरात दिवसभर बोलूक कोण नसता." त्या दिवसापासून मी बायला हसणं थोडं कमी केलं.

यंदा कोपेलच्या फेस्ताला, वार्षिक सणाला, तिचा सत्कार ठरला. वीस वर्षांच्या सेवेबद्दल शाल. तिच्यावर दोन शब्द बोलायला मला सांगितलं होतं. दोनाची मी चार पानं केली होती. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मी स्कूटरवर बसलो. तिठा आला. तिने स्कूटर बंद केली.

"बाय, आज कशाला विचारतेस? कोपेल समोर दिसतंय!"

ती बराच वेळ डोळे मिटून राहिली. मग कारापूरच्या रस्त्याला लागली.

कारापुरात एका कौलारू घरापाशी ती थांबली. "हें म्हज्या भावाचें घर," ती म्हणाली. "कायतान. धा वर्सां उलयना."

दहा वर्षं अबोला धरलेला भाऊ, आणि शेजारी राहून मला तो आहे हेच माहीत नव्हतं!

कायतान खाटेवर होता. एके काळचा खनिजाच्या ट्रकचा ड्रायव्हर, आता निम्मं अंग लुळं. बहिणीला पाहून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सगळ्या गांवच्या आजारी मनशांक तू पावलीस," तो म्हणाला. "आवय मरताना तुका सोदताली. तू खंय आसलीस?" मरताना आई हिला शोधत होती आणि ही तिथे नव्हती, एवढं मला कळलं.

"यादी घेवन भोंवताल्यें," आवलीनबाय म्हणाली. "एक घर उरिल्लें. म्हटलें, तें करून येतां. सायबाक विचारलें ना. त्या दिसापासून विचारल्याबगर हांव खंय वचना."

"आनी धा वर्सांत तो हांगा धाडूंक ना तुका?"

"धाडटालो. दर खेपे धाडटालो. हांव दुसरे वाटेन वताल्यें."

मी दारातच उभा होतो. दावं-उजवं न कळणारी ही बाई एक वाट मात्र दहा वर्षं अचूक चुकवत होती, आणि आज, शाल वाट पाहत असताना, तीच धरून आली होती.

ती खाटेच्या कडेला बसली. हात जोडून 'आमच्या बापा' म्हणू लागली. ही प्रार्थना तिने किती उशांशी म्हटली असेल, देव जाणे. पण 'आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी आम्हालाही कर' या ओळीपाशी आवाज थांबला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली.



मग भिंतीकडे तोंड करूनच, जड जिभेने, कायतानने ती ओळ म्हटली. पुढची दोघांनी मिळून म्हटली.