नमुन्याची बाटली

वाशीच्या दाणाबाजारात तांदळाची दलाली करणाऱ्या नजीबशेटनी ठरवलं, की लेक सबिहाच्या लग्नाआधी पुढचे दात बसवून घ्यायचे. लग्न पाच आठवड्यांवर होतं. दोन दात आधीच गेले होते, तिसरा जीभ लागली तरी हलत होता, आणि मुलीच्या बापाने व्याह्यांशी तोंडावर हात धरून बोलावं हे त्यांना मंजूर नव्हतं.

दातांच्या डॉक्टर सुचिताबाईंनी हिरड्या दाबून पाहिल्या आणि विचारलं, "काका, साखर कधी तपासलीत?"

"मी दात दाखवायला आलोय."

"तेच बघतेय. साखर वाढली की हिरड्या सडतात. हिरड्या सडल्या की साखर उतरत नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी लघवी तपासून घ्या, खालीच लॅब आहे. साखर असेल, तर ती ताब्यात आल्याशिवाय मी दाताला हात लावणार नाही."

'खालीच लॅब आहे' म्हटल्यावर नजीबशेटना सगळा डाव कळला. (आपल्याकडे पन्नाशीच्या पुरुषाला आजार होत नाही. त्याच्याविरुद्ध कट होतो.)

आता दाणाबाजाराचा एक रिवाज आहे. गिऱ्हाइकाला दाखवायची नमुन्याची पुडी पोत्यात मूठ घालून भरत नाहीत. कणी काढून, दाणा निवडून भरतात. तीस वर्षांत नजीबशेटनी खराब नमुना कुणाच्या हातात दिला नव्हता, आणि आता तर तो स्वतःच्या नावाने जाणार होता. घरातला चांगला माल कोणता, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. बायको मेहरुन्निसा पहाटे उठायची, दिवसभर राबायची, आणि कधी डॉक्टरची पायरी चढली नव्हती.

"मेहरू, एक काम होतं."

"एवढं गोड बोलताय म्हणजे घाणेरडं काम असणार."

काम ऐकल्यावर तिने कपाळावर हात मारला. "सबिहाचे अब्बा, तुमी वेडे झालात का?"

"दातांसाठी गं. पोरीचं लग्न आहे."

पोरीच्या लग्नासाठी बाई काय काय देते, त्यात एक बाटली ती काय. तिने दिली.

लॅबवाल्याने निळ्या औषधात थेंब टाकून नळी तापवली. निळ्याची हिरवी झाली, हिरव्याची पिवळी, आणि नारिंगीवर येऊन थांबली. "शेट, साखर आहे. भरपूर आहे."

नजीबशेट भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात ही साखर कुणाची ते त्यांना आठवलं. ते न भांडता घरी आले. असं पूर्वी घडलं नव्हतं, त्यामुळे मेहरुन्निसा घाबरली.

"तुझ्या हिरड्यांतून रक्त येतं?"

"येतं की. वर्ष झालं."

"आणि बोलली नाहीस?"

"विचारलं कुणी?"

वर्षभर ही बाई भाकरी चहात बुडवून खात होती, रात्रीतून चारदा पाण्याला उठत होती, आणि घरात चर्चा चालू होती ती शेटच्या तीन दातांची.

त्याच संध्याकाळी त्यांनी तिला सुचिताबाईंसमोर बसवलं आणि खाली मान घालून सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मेहरुन्निसाच्या हिरड्या तपासल्या, रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली, साखरेच्या डॉक्टरांचं नाव दिलं आणि म्हणाल्या, "काकू वेळेत सापडल्या. आता तुमची बाटली?"

"माझी कशाला? मला धडा मिळाला ना."

"काका, उद्या सकाळी. आणि काकू, तुम्ही संडासाच्या दाराशी उभ्या राहा."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये अकरा माणसं रांगेत होती. सुचिताबाईंकडून कालचा किस्सा कळलेल्या लॅबवाल्याने बाटली वर धरून संशयाने विचारलं, "ही नक्की शेटचीच?"

"त्यांचीच," मेहरुन्निसा म्हणाली. "मी उभी होते."

अकराही माना वळल्या. नळी तापली. हिरवी झाली, पिवळी झाली, नारिंगीवर क्षणभरही न थांबता पुढे गेली आणि पक्क्या विटेच्या रंगाची झाली.

"लग्नाआधी दात विसरा," वर दवाखान्यात सुचिताबाई म्हणाल्या.

जिना उतरताना मेहरुन्निसाने दोघांचे कागद शेजारी शेजारी धरून नीट पाहिले.

"काही म्हणा, सबिहाचे अब्बा, धंदा तुमाला कळतो," ती म्हणाली. "दोन्हींतला चांगला माल तुमी पहिल्याच दिवशी उचलला होता."