भाऊसाहेब अस्वलाचं वणवा पथक

एका जंगलात, म्हणजे ज्यात अजून बरी चार झाडं शिल्लक होती अशा एका जंगलात, एक अस्वल राहत होतं. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे. का म्हणायचे ते विचारू नका. अंगानं मोठा असला की म्हणतात.

तर पोरांनो, त्या जंगलात दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. साग, पळस, तेंदू, सगळ्यांची पानं गळून गुडघाभर पाचोळा साचायचा. ठिणगी पडायचा अवकाश, पाचोळा भडकायचा आणि ज्याला पाय होते तो पळायचा. ज्याला नव्हते तो भाजायचा. रडू नका, गोष्ट अजून सुरू पण झाली नाही.

एका वर्षी भाऊसाहेबांनी जाहीर केलं की यंदा वणवा लागू द्यायचा नाही. त्यांनी स्वयंसेवकांचं पथक काढलं. स्वयंसेवक म्हणजे फुकट राबणारा. ह्या पथकात फुकट होतं, राबणं जरा कमी होतं. प्रत्येकाच्या गळ्यात हिरवा रुमाल बांधला. वानराला शिट्टी दिली. ती त्यानं मिळाल्यापासून तोंडातून काढलीच नाही, त्यामुळे त्याचं जेवण सुटलं. कोल्हा बोलण्यात हुशार म्हणून चिटणीस झाला. भाऊसाहेब जे बोलतील ते परत एकदा मोठ्यानं बोलायचं, एवढंच त्याचं काम.

पथकाची शिकवण एकच होती. वणवा बाहेरून येतो.

बाहेरून म्हणजे ओढ्यापलीकडून. तिथं दुसरं जंगल होतं. तिथले प्राणी बेशिस्त, आळशी आणि पाचोळ्यात लोळून विड्या ओढणारे. त्यांना विडी ओढताना कुणी पाहिलं होतं का? नाही. पण तोंडावरून कळतं की.

मग सगळ्यांनी ओढ्याकाठचा पाचोळा झाडून एक रुंद पट्टा मोकळा केला. त्याला जाळरेषा म्हणतात. आग तिथवर आली की तिला खायला काही मिळत नाही आणि ती उपाशी मरते. काम चांगलं झालं होतं, मी उगाच नावं ठेवणार नाही. फक्त झाडलेला पाचोळा ओढ्यात टाकला तर पलीकडच्यांना फुकट मिळेल, म्हणून तो सगळा मागं आपल्याच जंगलात लोटला.

जाळरेषा झाल्यावर पथक तिच्यावर ओळीनं उभं राहिलं. हातात ओल्या डहाळ्या, तोंड ओढ्याकडं, पाठ जंगलाकडं. पलीकडच्या काठावर त्या जंगलाचंही पथक उभं होतं. त्यांचे रुमाल पिवळे. त्यांचं तोंड इकडं. दोन्ही पथकं दिवसभर एकमेकांकडं डोळे वटारून बघायची. त्याला पहारा म्हणतात.

ह्या पथकात गवराबाई नावाची एक तितरीण होती. तितर जातीला झाडावर घरटं बांधायचं कळत नाही, ती जमिनीवरच अंडी घालते. गवराबाईनं करवंदीच्या जाळीखाली घातली होती. अंड्यांना पाय नसतात. वणवा आला तर ती काय करणार? म्हणून ती बिचारी रोज सकाळी थोडा वेळ अंडी सोडून पहाऱ्याला यायची. रुमाल तिच्या अंगापेक्षा मोठा होता. लांबून बघणाऱ्याला रुमालच चालत येतोय असं वाटायचं.

आता भाऊसाहेबांच्या मोहाचं सांगतो. त्यांचं एक आवडतं मोहाचं झाड होतं, त्या करवंदीपासून जवळच. मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. पाचोळ्यात पडली की वेचताना फुलाबरोबर पान तोंडात येतं. भाऊसाहेबांना पान आवडत नसे. म्हणून ते झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचे. जमीन काळी झाली की फुलं कशी लख्ख दिसतात. दरवर्षी पेटवायचे, दरवर्षी तोच जाळ पसरायचा, आणि दरवर्षी भाऊसाहेब सुस्कारा टाकून म्हणायचे की पलीकडच्यांनी परत लावली बघा.

अस्वलाकडं काडेपेटी कुठून आली असं विचारणाऱ्यानं बाहेर जाऊन बसावं. अस्वल पथकाचं अध्यक्ष झालं तेव्हा विचारलं नाहीत, आता काडेपेटीचं विचारता.

एके सकाळी भाऊसाहेबांनी मोहाखाली काडी टाकली आणि पहाऱ्याला उशीर होतो म्हणून लगबगीनं ओढ्यावर गेले. अध्यक्षानं वेळ पाळली पाहिजे. मागं वारा सुटला. जाळ मोहाखालून निघाला, वाटेत त्याला ओढ्यावरून झाडून आणलेला पाचोळा सापडला, आणि मग काय, पंगतच बसली त्याची.

गवराबाई पहाऱ्याला निघाली होती. तिनं मोहाखालची काडी पाहिली, भाऊसाहेबांची पाठ पाहिली आणि करवंदीकडं वळलेला जाळही पाहिला. ती रुमालात पाय अडकत, धडपडत ओढ्यावर पोचली.

"भाऊसाहेब, आग लागलीय. मागं."

"मागं आग लागत नसते," कोल्हा म्हणाला. "वणवा बाहेरून येतो."

तिनं धुराचा वास घ्यायला सांगितलं. सगळ्यांनी घेतला, आणि पलीकडचे आज फार विड्या ओढतायत असं ठरलं. पाठी गरम झाल्या नाहीत का, असं तिनं विचारलं. रानगवा म्हणाला, ऊन आहे, होणारच. वानराच्या डोळ्यांतून धुरानं पाणी गळत होतं, पण वळून बघायचा हुकूम नव्हता. पिवळे रुमालवाले तर ओढ्याच्या पलीकडून नाचत होते, हात करून मागं बघा, मागं बघा, असं ओरडत होते.

कोल्ह्यानं सगळ्यांना बजावलं की अजिबात बघू नका, आपण वळलो की ते आग टाकणार, हा त्यांचा जुना डाव आहे.

गवराबाईला वाटलं, आता खरं तेच सांगावं. लहानपणी तिला तसंच शिकवलं होतं.

"भाऊसाहेब, तुमच्या मोहाखालून पेटलीय. तुम्हीच लावलीत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

भाऊसाहेबांनी छातीवर पंजा ठेवला. त्यांना फार लागलं होतं.

"गवराबाई," ते म्हणाले, "मी वणवा विझवणारा. मी लावलेल्या आगीला तू वणवा म्हणतेस?"

मग चर्चा सुरू झाली. कोल्ह्याचं म्हणणं पडलं की अध्यक्षांची आग विझवणं म्हणजे अध्यक्षांचा अपमान करणं, आणि असला अपमान त्याच्या हातून तरी होणार नाही. रानगव्याचं म्हणणं पडलं की आजकाल रुमाल कुणालाही देतात. शेवटी गवराबाईचा रुमाल काढून घ्यायचा ठराव झाला. गाठ घट्ट होती. ती कुणी सोडायची ह्यावर पुन्हा बोलणं सुरू झालं. तोवर जाळ पाचोळ्यातून सरकत करवंदीच्या अलीकडच्या पळसापर्यंत आला होता, आणि जाळीखालची अंडी गप पडून होती. अंडी दुसरं काय करणार?

तितराचा मेंदू बोराच्या बीएवढा असतो. पण तिथं आईची माया शिरली की तेवढा पुरतो.

"चुकलं माझं, भाऊसाहेब," गवराबाई म्हणाली. "धुरात मला नीट दिसलं नाही. ती ह्या पिवळ्या रुमालवाल्यांनीच टाकली. तुमच्या डोक्यावरून टाकली. आणि मुद्दाम तुमच्याच मोहावर टाकली, तुम्ही अध्यक्ष म्हणून."

भाऊसाहेब फुगत गेले. "माझ्या मोहावर?"

"माझ्या मोहावर?" कोल्हा मोठ्यानं म्हणाला.

वानरानं शिट्टी फुंकली. सगळं पथक एकदम वळलं आणि धावलं. पोरांनो, काय सांगू, त्या दिवशी जी आग विझवली तशी कुणी कधी विझवली नसेल. ओल्या डहाळ्यांनी जाळ झोडपला, करवंदीच्या अलीकडचा पाचोळा पायांनी मागं ओढून जमीन उघडी केली. भाऊसाहेब सगळ्यांच्या पुढं. एक फटका आगीला, एक शिवी पलीकडच्यांना. त्यांच्या मागच्या बाजूचे केस जळाले तरी ते हटले नाहीत. जाळ करवंदीपासून एका उडीवर येऊन विझला. अंडी जरा जास्तच उबली, एवढंच.

संध्याकाळी भाऊसाहेबांच्या गळ्यात दुसरा हिरवा रुमाल बांधला. तो त्यांनी जळालेल्या जागेवर गुंडाळायला घेतला.

गवराबाईला मात्र चैन नव्हतं. अंडी फुटायला अवकाश होता. मोह अजून गळतच होता, त्याच्याखालचा अर्धा पाचोळा जळायचा राहिला होता आणि करवंदीच्या दुसऱ्या बाजूलाही पाचोळा तसाच होता. पहाटे ती मोहाखाली गेली. भाऊसाहेब काडेपेटी घेऊन उभेच होते.

ती हळूच म्हणाली, "भाऊसाहेब, पलीकडच्यांची नजर ह्याच झाडावर आहे. आज परत टाकणार म्हणतात. जरा जरी धूर दिसला तरी त्यांना वाटेल आपला डाव साधला, आणि हसतील तुम्हाला."

भाऊसाहेबांनी हातातल्या काडीकडं पाहिलं. मग काडेपेटी बुडाखाली ठेवली आणि तिच्यावर बसले, पलीकडच्यांनी चोरू नये म्हणून. त्या दिवसापासून ते मोहाखालून हललेच नाहीत. पाचोळ्यातून एक एक फूल वेचायचे, पान तोंडात आलं की थुंकायचे, आणि प्रत्येक पानागणिक पलीकडच्यांना एक शिवी द्यायचे. मोह गळून संपला तरी त्या जंगलात वणवा लागला नाही.

अंडी फुटली. गवराबाई पिल्लं घेऊन मोहाखालून चालली तेव्हा भाऊसाहेबांनी त्यांना थांबवलं.

"बाळांनो, मी होतो म्हणून वाचलात," ते म्हणाले.

आणि त्या वर्षी ते खरं होतं, त्याला कोण काय करणार?

तात्पर्य: आग कुणी लावली हे तोंडावर सांगणाऱ्याची अंडी उकडतात. शेजाऱ्याच्या नावानं खडे फोडणाऱ्याची पिल्लं उडायला लागतात. शाळेत मात्र 'नेहमी खरे बोलावे' असंच लिहा. तुमच्या गुरुजींनी अजून अस्वल पाहिलेलं नाही.