अडतीस नंबरचा जावई

मी आयुष्यात कोणतीच वस्तू वेळेवर विकत घेतलेली नाही, आणि याचा मला अभिमान आहे! स्वेटर मी वैशाखात घेते. छत्री दिवाळीत. कूलर ऐन पौषात, दुकानदार स्वतः शेकोटीजवळ बसलेला असताना. आकाशकंदील तुळशीचं लग्न लागलं की, आणि संक्रांतीचं वाण रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी. सण संपला की दुकानदाराचं तोंड उतरतं, तेव्हा भाव करायचा. परभणीच्या बाजारात मी लांबून दिसले की दुकानदार शटर खाली ओढतात, असं आमचे हे सांगत फिरतात. हे म्हणजे रंगनाथ गुरुजी, झरीच्या शाळेत शिकवतात. त्यांना अतिशयोक्तीची सवय आहे. एकानेच ओढलं होतं, तेही अर्धंच!

तर तीन वर्षांमागे अधिक महिना आला होता. अधिकात जावयाला धोंड्याला बोलवायचं म्हणजे काय खर्च असतो, ते मुलीच्या आयांना सांगायला नको. पुरणाचे धोंडे, तेहेतीस अनारसे, तांब्याचं ताट, दिवा, वर अंगभर कपडे! महिना चालू असेतोवर दुकानदार सासवांना उभं कापतात. पण महिना संपला की पुढची तीन वर्षं त्या मालाला कुत्रं विचारत नाही. महिना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसात, मी दुकानात हजर!

आणि तिथे तो टांगलेला होता. मरून रंगाच्या मखमलीचा, बंद गळ्याचा जोधपुरी कोट! सोनेरी बटणं, आत जाड अस्तर. निम्म्याच्या निम्म्या भावात! एकच नग उरलेला, अडतीस नंबर.

"मावशी, बदलून भेटणार न्हाई बरं का," दुकानदार म्हणाला.

"बदलायलंय कोण!" मी म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"कुणाला आणलाय ह्यो?"

"जावयाला."

"आपल्याला जावई हाय?"

"न्हाई. पण पुढल्या अधिकापोत्तर हुईल की!"

आमची वैष्णवी तेव्हा शेतकी कॉलेजात शिकत होती. ती पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, "आई, अन् त्याच्या अंगाला बसला न्हाई तर?"

"मग बसंल असाच बघायचा!"

हे मी गमतीनं बोलले होते. पण कॉलेज संपून स्थळं यायला लागली आणि मला मुलांच्या चेहऱ्याऐवजी खांदेच दिसायला लागले. गंगाखेडचा मुलगा बँकेत होता, घरी बागायत, माणसं भली. पण छाती अशी की कोटाची दोन्ही टोकं एकमेकांना कधी भेटलीच नसती. मी नाही म्हणून टाकलं. मानवतचा मुलगा इतका किडकिडीत की कोटात तो आणि त्याचा भाऊ दोघेही मावले असते. तोही गेला.

"अगं, पोरीचं लगीन करायलीस का कोटाचं?" हे ओरडले.

"दोन्ही!" मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

मग पाथरीहून स्थळ आलं. मुलगा हरिओम, खत-बियाणांचं स्वतःचं दुकान, घरी फक्त आई, कमलबाई. मुलगा बैठकीत आला. गाल थोडे आत गेलेले, पण खांदे! शाल पांघरायच्या निमित्ताने मी त्याच्या पाठीवर वीत टाकून पाहिली. अडतीस! ना सूतभर कमी, ना सूतभर जास्त! तिथंच मनातल्या मनात मी अक्षता टाकल्या. वैष्णवी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, पोर लाजली.

तुळशीच्या लग्नानंतर धूमधडाक्यात लग्न झालं आणि या वर्षी पुन्हा अधिक महिना आला. ज्येष्ठात!

अधिक महिना दर खेपेला सरकतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पंचांग आमच्या भिंतीवरच आहे. पण मागचा अधिक श्रावणात होता, बाहेर झड लागली होती आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त कोट होता. आता परभणीतला ज्येष्ठ म्हणजे सकाळी नळाला येणारं पाणी थेट चहाला टाकावं असा. आणि कपाटात माझी अस्तराची मखमल!

"दुसरा एखादा सुती शर्ट घेऊ," हे म्हणाले.

"महिना चालू असताना? पूर्ण भावानं? वेड लागलंय का!"

शिवाय पहिलं धोंडं. विहीणबाईही बरोबर येणार होत्या. मानाचा कपडा हलका दिसला किंवा मापात चुकला, तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागतं. माझ्या सासूने माझ्या माहेरच्या एका आखूड धोतरावरून मला आयुष्यभर टोमणे मारले. वैष्णवीवर ती पाळी मला येऊ द्यायची नव्हती.

जावई आले. दारात पाहिलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. सहा महिन्यांत गाल वर आले होते, शर्टाच्या बटणांमधून बनियन दिसत होतं! तरी मी कोट पुढे केला. जावयांनी कोटाकडे पाहिलं, मग वैष्णवीकडे. वैष्णवीने छताकडे पाहिलं.

"घालून येतो, मामी," जावई म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. वैष्णवीही मदतीला गेली. आतून "श्वास धरा!", "आणखी धरा!" असं ऐकू येत राहिलं. मी विहीणबाईंपुढे उगाच मोठमोठ्याने बोलत राहिले.

जावई बाहेर आले ते छाती काढून, मान ताठ, हात अंगापासून लांब.

"बघा, कसा बसला!" मी म्हणाले.

"लय... झकास," जावई एवढंच बोलले. त्याहून जास्त बोलायला आत जागा नव्हती.

पाय धुतले, ओवाळलं, अनारशाचं ताट हातात दिलं. जावई पाटावर बसले ते आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून बसवले म्हणून. आणि पहिला घास घेतला तोच वीज गेली! कूलर थांबला. जावयांच्या कानांमागून घामाचे ओघळ गळ्याच्या बंद पट्टीत शिरायला लागले.

"कोट काढा की आता, जावईबापू," हे म्हणाले.

"नको मामा. मामीनं... हौसेनं..."

मला गहिवरून आलं. मी आणखी एक धोंडा वाढला. "जावयानं धोंड्याला न्हाई म्हणू नये!" जावयांनी तो कसाबसा खाल्ला. आणि टण्! वरचं सोनेरी बटण उडालं ते थेट विहीणबाईंच्या आमरसाच्या वाटीत पडलं!

विहीणबाई वाटीकडे बघतायत तोवर जावई लालाचे पांढरे झाले, डोळे फिरले आणि ते भिंतीला टेकून हळूहळू तिरके व्हायला लागले.

"अवो, बटणं काढा!" वैष्णवी किंचाळली.

"निघंनात!" हे म्हणाले. एकेक बटण ताणून काजात रुतलेलं.

"कात्री!"

कात्री माझ्या हातात होती. खोटं कशाला सांगू, एक क्षण माझा हात थांबला. निम्म्याच्या निम्म्या भावातली मखमल! मग पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि गळ्यापासून कमरेपर्यंत सरळ कापत नेली. ह्यांनी तोंडावर पाणी मारलं, विहीणबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. जावयांनी मोठा श्वास घेतला, डोळे उघडले. मी देवघराकडे बघून हात जोडले. एवढा जीव भांड्यात पडल्याचं मला आठवत नाही.

"विहीणबाई, चूक झाली," मी रडत म्हणाले. "बघायला आले तवा जावई अडतीसचेच हुते वो! मी सोता वितेनं मोजलं हुतं!"

"अडतीस?" विहीणबाई कांदा खाली ठेवत म्हणाल्या. "माझा पोरगा लहानपणापसून असाच गुबगुबीत हाय! फकस्त बघायला यायच्या आधी दोन महिने रोडावला. भाकरीला हात लावंना. मला वाटलं कावीळ झाली! झाडपाला पाजला मी त्याला!"

सगळे जावयांकडे बघायला लागले. जावई माझ्याकडे.

"मामी, रागावू नका," ते म्हणाले. "वैष्णवी अन् मी एकाच वर्गात हुतो. तिनं सांगितलं, आमच्या घरी शिक्षण इचारत न्हाईत, शेत इचारत न्हाईत. अडतीसमदी बसलास तर सांगावा धाड."

"म्हणून भाकरी सोडली?"

"भाकरी, भात, भजी. समदं. आज घातला न्हाई तर तुमाला कळंल म्हणून..."

ह्यांनी पोट धरून हसायला सुरुवात केली. विहीणबाई आमरसातलं बटण चाटूनपुसून काढत म्हणाल्या, "अन् मी झाडपाला वाटायलेय!" वैष्णवी पदरात तोंड लपवून बसली होती, आणि या खेपेला ती खरंच लाजली होती.

मला राग यायला हवा होता. पण माझ्या पोरीसाठी कुणी दोन महिने भाकरी सोडली होती, आणि आज माझ्या हौसेसाठी चक्कर येईपर्यंत गुदमरून घेतलं होतं. असं माणूस कुठल्या सेलमध्ये मिळतं? मी जावयांच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि ह्यांचं धुतलेलं बनियन आणून दिलं. मग ते खरे जेवले. आणखी चार धोंडे!

संध्याकाळी मी एकटीच बाजारात गेले. अधिक महिना ऐन भरात, दुकानात सासवांची गर्दी. दुकानदार मला बघून दचकला.

"मावशी, महिना अजून चालू हाय! चुकून आलात का?"

"पांढरा सुती शर्ट काढ. चांगल्यातला. पूर्ण भावानं!"

त्याने मला आधी पाणी दिलं.

"माप?" मग त्याने विचारलं.

"बेचाळीस," मी म्हणाले. पैसे काढताना नोटा दोनदा मोजल्या आणि पुन्हा म्हणाले, "थांब, चव्वेचाळीसच दे. पूर्ण भाव द्यायचाच, तर निदान दोन वर्षं तरी पुरायला नको का?"