खैरनारांची सही

आमच्या शेजारच्या विलास खैरनारांनी एकदा मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'रिसीव्ह्ड, नॉट ॲक्सेप्टेड.' म्हणजे मिळालं, पण मान्य नाही. शाळेने लगेच बोलावून घेतलं. मॅडमना वाटलं, गणिताच्या मार्कांवर आक्षेप असणार. तसलं काही नव्हतं हो! या गृहस्थांना कुठल्याच कागदावर सरळ सही करवत नाही, एवढंच.

ते एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत काँट्रॅक्ट्स बघायचे. वर्ल्ड कपसाठी सगळं दोहा खणून ठेवलं होतं तो काळ. समोरच्या पार्टीची पत्रं वाचायची आणि त्यात खोट काढायची, हे त्यांचं काम. सकाळी मुलांना शाळेत सोडायला ज्या रस्त्याने जावं, तो दुपारी आणायला जाईस्तोवर बंद झालेला असायचा. त्यामागे खैरनारांचंच एखादं पत्र असणार, अशी माझी पक्की खात्री होती. बरं, ऑफिसात काय करायचं ते करा. पण हा माणूस ती खोड घरी घेऊन यायचा, आणि त्यांचं घर अल सद्दमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमच्या दारासमोर.

त्यांची बायको मंजिरी ही माझी मैत्रीण. बिचारीने कधी हौसेने नवीन पदार्थ केला की हे एक घास खाणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "रिसीव्ह्ड, नॉट ॲक्सेप्टेड." मी तिच्या जागी असते तर ताट उचलून नेलं असतं. गणपतीत मोदक वाटायला कोण कोण येणार याची यादी फिरली, तर यांनी नावापुढे चार अटी लिहिल्या. लोणच्याची बाटली आणली की आधी लेबल वाचणार, झाकण नंतर. आणि दुसरं कुणी न वाचता सही करायला गेलं, की यांचा हात मध्ये आलाच. "एक मिनिट! वाचलं का हे?" कुरियरवाल्यासमोर, बँकेत, माझ्या स्वतःच्या दारात नऊ वर्षं मी हे ऐकलं. नऊ वर्षं!

असा माणूस घेऊन आफ्रिकेत धाडसी खेळ खेळायला कोण जातं? आम्ही गेलो. ईदची सुट्टी होती, आमचा ओम आणि त्यांची सई दोघंही मागे लागली होती. युगांडात नाईल नदीवर राफ्टिंग करायचं, असं सईने वर्षापूर्वीच ठरवलं होतं आणि त्यासाठी ती वर्षभर पोहायला शिकत होती. सोळा वर्षांची पोर, दुसरं काही मागितलं नाही तिने.

अजून एक कारण होतं, ते फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला, शरदला, ठाऊक होतं. वर्ल्ड कपची कामं उरकत आली होती. मॅचेस बघायला जग येणार, आणि ज्यांनी बांधलं त्यांना टाटा! शरदचं काँट्रॅक्ट सप्टेंबरात खलास होतं. आम्ही पुण्याला परत जाणार होतो, म्हणजे ही आमची शेवटची एकत्र सहल. खैरनारांना हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी शरदचं पत्र मागून घेतलं असतं आणि सगळी कलमं पेन्सिलीने अधोरेखित केली असती. कुणाला हवीये ही कटकट? नंतर सांगू म्हणत मी मंजिरीलाही सांगायचं टाळलं.

युगांडात सकाळी पहिल्यांदा चार चाकांच्या मोटारसायकली होत्या. फॉर्म आला. खैरनारांनी चष्मा पुसला, खुर्ची सावलीत ओढली आणि वाचायला बसले. पाचव्या कलमात लिहिलं होतं, की वाटेत झाड आडवं आल्यास कंपनी जबाबदार नाही.

"झाड आडवं कसं येईल?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला इंग्रजीत विचारलं. "झाड जागेवर असतं. आडवे आपण जातो. वाक्य चुकीचं आहे."

ती मुलगी गोड हसली. तिला वाटलं विनोद आहे. तो विनोद नव्हता हे तिला पंचवीस मिनिटांनी कळलं. तोवर ओम आणि शरद दोन फेऱ्या मारून, तांबड्या धुळीने रंगून परत आले होते. सई मात्र डोक्यावर हेल्मेट चढवून तशीच उभी. मंजिरी आकाशातले पक्षी बघत होती. तिला सवय आहे.

मग तारेवरून घसरत जायचा खेळ. पुन्हा फॉर्म, पुन्हा चष्मा. यांनी दोन कलमं खोडली, बाजूला आद्याक्षरं टाकली, आणि तिथल्या मॅनेजरने ती मान्य करावीत म्हणून त्यालाही सही करायला लावली. मॅनेजरने न वाचता सही केली. "एक मिनिट! वाचलं का हे?" अहो, त्याच्याच कंपनीचा फॉर्म तो! मी तोंड फिरवून हसले. खरं सांगते, चिडूनच हसले.

राफ्टिंगची बोट अकराला सुटणार होती. जोसेफ नावाचा उंचापुरा गाइड होता, त्याने स्वच्छ सांगितलं, धरणातून पाणी सोडायची वेळ ठरलेली असते, बोट कुणासाठी थांबणार नाही. मी जाणार नव्हते. माझी कंबर दुखते असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मला पाण्याची भीती वाटते. बाकी सगळे एकाच बोटीत. ओम आणि शरदने फॉर्म भरून दिले आणि ते मंजिरीला घेऊन लाइफ जॅकेट आणायला गेले. अकराला दहा कमी होते आणि खैरनारांकडचे तिघांचे फॉर्म अजून त्यांच्या मांडीवरच.

"बाबा, प्लीज! जस्ट साइन इट!" सईचा आवाज चिरकला. "एव्हरी टाइम, बाबा. एव्हरी सिंगल टाइम." आणि ती डोळे पुसत नदीकडे निघून गेली.

झालं, माझं डोकं फिरलं. तरातरा गेले त्यांच्यापुढे.

"भाऊजी, काय लावलंय हे? पोरगी वर्षभर या दिवसाची वाट बघतीये. ती बोट चालली! करा सही, यल्ला, लवकर!"

"सही केलीये, वहिनी."

मी बघितलं. खरंच केली होती. तिन्ही फॉर्मवर. एकही कलम खोडलेलं नव्हतं, खाली काही लिहिलेलं नव्हतं. फक्त एक चौकोन रिकामा होता आणि पेन त्याच्यावर टेकलेलं.

"काही झालं तर कुणाला कळवायचं, त्याचं नाव हवंय," ते म्हणाले. "आम्ही तिघंही बोटीत. म्हणजे चौथं कुणीतरी पाहिजे."

"मग लिहा की कुणाचं तरी!"

"दादा होता तोवर दादाचं लिहायचो." त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली. त्यात नावं होती आणि बहुतेक नावांवर पट्टीने आखलेली रेघ. "कुरियन कोचीला गेला. देसाईचा प्रोजेक्ट संपला. बशीर मागच्या महिन्यात गावी परत गेला. मंजिरीचा भाऊ कॅनडात आहे, पण तिथे आत्ता पहाटेचे चार. तो उचलणार नाही."

"अहो, मग माझं लिहा! मी इथेच काठावर बसणारे ना?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"मनात आलं होतं. पण म्हटलं, विचारावं की नको." ते फॉर्मकडेच बघत होते. "दोह्यात, तिकडे फरीज बिन ओमरान भागातल्या ग्रोसरीच्या दारावर एक चिठ्ठी वाचली मी. सोफा, वॉशिंग मशीन विकणे आहे, कुटुंब परत जात आहे. नाव नव्हतं. नंबर तुमचा होता."

ती चिठ्ठी मी मुद्दाम तिकडे लावली होती, अल सद्दमध्ये यांच्या नजरेला पडेल म्हणून! पण कुठलाही कागद वाचल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस तो.

"कधी वाचलीत?"

"महिना झाला."

महिनाभर रोज लिफ्टमध्ये भेटत होतो आम्ही. महिनाभर यांनी एक शब्द काढला नाही, आणि मी सोफ्यावर बसवून यांना चहा देत होते, त्याच सोफ्यावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फॉर्म आजपुरताच आहे," ते घाईघाईने म्हणाले, जणू मलाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. "सातव्या कलमात दिलंय. संध्याकाळी पाचला मुदत संपते. तोवर तुम्ही आहात ना?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझं नाव लिहिलं, नंबर न विचारता लिहिला. मग पुढच्या चौकोनावर थांबले. "इथे नातं विचारलंय. शेजारी चालेल की नाही, स्पष्ट केलेलं नाही."

"बहीण लिहा."

त्यांनी लिहिलं. तिन्ही फॉर्मवर, सावकाश, एकसारख्या अक्षरात. मग सवयच ती, कागद उलटा केला आणि मागे इंग्रजीत चार ओळी खरडल्या. "तुमची संमती लागेल, वहिनी. लेखी."

मी पेन घेतलं आणि एक अक्षरही न वाचता सही ठोकली. आता मध्ये हात येणार म्हणून थांबले. हात आला नाही. त्यांनी शाईवर फुंकर मारली, फॉर्म जोसेफच्या हातात दिले आणि "सई, थांब गं!" असं ओरडत, लाइफ जॅकेट उलटं घालून, नदीकडे पळत सुटले.

मी काठावर बसून राहिले, फोन हातात धरून, आवाज सगळ्यात मोठा करून. नेटवर्क आहे ना, हे दर पाच मिनिटांनी बघत होते. सव्वाचारच्या सुमाराला सगळे ट्रकमधून धडधाकट परत आले. सई ओल्या केसांनी माझ्या गळ्यात पडली आणि तिने पाणी कसं उसळलं ते सांगायला सुरुवात केली. खैरनार मागे उभे राहून चष्मा पुसत होते. त्यांनी घड्याळ बघितलं.

"अजून पाऊण तास आहे, वहिनी," ते म्हणाले.

पाच वाजून गेले तरी मी फोन पर्समध्ये ठेवला नाही.