बेल्याविस्ता इमारतीवरील उखळाची मोहीम

बंदराकडे उतरत्या रस्त्यावरील बेल्याविस्ता इमारत, मजले पाच, लिफ्ट एक आणि तीही बंद, तेथील समस्त रहिवासी यांची आज्ञा जाहली की गुजरल्या ऑगस्टात उखळाचे कारणे जे दारुण युद्ध घडले त्याची हकीकत साद्यंत लिहावी, पदरचे घालू नये, कोणाची भीड धरू नये. त्यावरून इमारतीचे चिटणीस यांणी सभेच्या वहीत, टाकीच्या गळतीचा ठराव आणि जिन्यातील दिव्याचा ठराव यांमध्ये चार पाने कोरी होती तेथे, हे वर्तमान लिहिले असे. चिटणीस सत्यवचनी आहेत. एके ठिकाणी त्यांची लेखणी किंचित अडखळली, ते वाचणारांनी मोठ्या मनाने घ्यावे.

शहर असुन्सियोन, पाराग्वाय नदीचे काठी, आणि त्यात आमचा मुलूख म्हणजे शहराचा जुना मध्य. पहाटे पाचास बसगाड्या भोंगे फुंकून स्वारी निघाल्याची वर्दी देतात, मग डोईवर टोपली घेवोन चिपावाली गरम चिपाची, म्हणजे चीज घातलेल्या पावाची, आरोळी ठोकिते, मग तळमजल्यावरील न्हावी डॉन तेओफिलो रेडिओवर पोल्का लावितात आणि स्वतःही गातात, ते अधिक वाईट. मग शेजारील बारमध्ये काल हरलेला फुटबॉलचा सामना आज तोंडाने पुन्हा खेळला जातो, आणि आजही हरतात. ऐशा मुलुखात राहणे तर कान घट्ट करोन यावे. निखळ शांतता पाहिजे त्याने नदीपलीकडे बगळ्यांत जाऊन राहावे.

या इमारतीचे दारी, झाडाखाली, डोन्या देओलिंदा चौतीस वर्षे ठाण मांडून होती. मुळ्या, पाले, साली यांच्या जुड्या मेजावर, आणि पुढ्यात काळ्या कठीण लाकडाचे गुडघाभर उंचीचे उखळ. रोज साडेपाचास मुसळ चाले, धप् धप् ऐसा नाद पाचव्या मजल्यापावेतो जाई, आणि मग रयत आपापले पाण्याचे थर्मास घेवोन रांगेत उभी राही. कारण दिवसभराच्या गार तेरेरेत, म्हणजे थंड पाण्यातील पाल्याच्या चहात, कोणता पाला पडावा याचा हुकूम बाईकडून सुटल्याशिवाय या देशात दिवस सुरू होत नाही. बाई कोणास काही विचारीत नसे. तोंड पाहून निदान करी, आणि तेही सगळ्या रांगेस ऐकू जाईल ऐसे.

"काय रे राजा, रात्री परत डुकराचं हाणलंस ना? बघू जीभ. अरे देवा, ठेव आत, लोक घाबरतील."

येणेप्रमाणे इमारतीतील यकृते, मूतखडे, प्रेमभंग आणि अपचने यांची खडानखडा खबर बाईपाशी होती. एवढी सत्ता हाती असून तिचे उखळ काही कधी पांढरे झाले नाही, हे तिचे इमान समजावे.

तो या युद्धाआधी चार महिने तिसऱ्या मजल्यावर वकील एर्मेस ओकाम्पोस यांची स्वारी दाखल जाहली. हे पूर्वी शहराबाहेर कुंपणाआड राहत होते. जाहिरातीत 'जिवंत वस्ती, खिडकीतून नदी' ऐसे वाचून त्यांचे चित्त उचंबळले, आणि सामान उतरल्याबरोबर त्यांणी स्नेह्यांस लिहिले की शहराचा आत्मा गवसला. आठवे रात्री झोप गमावली. मग वकीलसाहेबांनी मसलत केली की कोणा एकाचा बंदोबस्त करणे प्राप्त आहे. बसगाड्यांशी भांडावे तर त्या थांबत नाहीत, न्हाव्याशी भांडावे तर त्याचे हाती वस्तरा, बारवाल्याशी भांडावे तर जेवण तेथेच. राहिली देओलिंदा, जिच्यापाशी ना दार ना पाटी. शूर पुरुष शत्रू निवडतात तो ऐसा पाहूनच.

मग इमारतीच्या सभेकडे अर्ज गुजरला की सदरहू उखळ झोपेस घातक असल्याने दारातून उठवावे. त्यावर सह्या सात. पहिली खासे वकीलसाहेबांची, दुसरी दंतवैद्यांची, तिसरी कुत्रेवाल्या विधवा बाईंची, चौथी आणि पाचवी वरच्या मजल्यावरील दोघे भाऊ, जे समोर येईल त्यावर सही करितात, सहावी व्यवस्थापकांची. सातवी सही गिचमिड होती, वाचता येत नव्हती, आणि तिची चौकशी येथे करण्याचे प्रयोजन नाही.

सभेचे फर्मान निघाले की महिनाअखेरीस, एकतीस जुलै रोजी सूर्यास्ताचे आत, उखळ हलवावे. अर्जाच्याच पाठीवर लिहिलेले ते फर्मान घेवोन वकीलसाहेब जातीने खाली उतरले. बाईने गिऱ्हाइकाचा चष्मा मागून घेतला, कागद दोनदा वाचला आणि घडी करोन चोळीत ठेविला.

"एकतीस जुलै? नक्की ना, वकीलसाहेब?"

"महिनाअखेर कायद्याला सोयीची पडते, बाई."

"बरं बरं. तारीख तुम्हीच काढलीत हं. उद्या मला बोलायचं नाही."

आता येथे वकीलसाहेबांचे शहाणपण पाहावे. कायद्याची कपाटे पाठ, परंतु एकतीस जुलैनंतर दुसरे दिवशी एक ऑगस्ट येतो हे ध्यानी राहिले नाही. आणि एक ऑगस्टास या देशात, धनी असो वा हमाल, अनशापोटी कार्रुलिमचे सात घोट घेतल्याशिवाय कोणी अन्नास शिवत नाही. उसाची दारू, तीत कुटलेली सताप आणि लिंबू, इतकेच ते. न घेतले तर ऑगस्ट माणूस घेवोन जातो ऐसी समजूत. विचाराल तर प्रत्येक जण म्हणतो की आपला यावर विश्वास नाही, आणि सकाळी प्रत्येक जण पितो. आमचे पाद्री पितात, आणि दंतवैद्य तर चूळ भरूनही घेतात.

एकतीस तारखेस सूर्य कलता बाईने जुड्या बांधिल्या. न्हावी डॉन तेओफिलो यांणी मेज उचलिले, बाईने उखळ आडवे पाडून उतारावरोन गडगडत नेले, आणि खाली नदीकाठी मासळीवाल्यांचे शेजारी डेरा दिला. सारा रस्ता पाहत होता. चिटणीस आपल्या खिडकीत होते. त्यांणी पडदा ओढून घेतला.

त्याच सांजेस विल्यारिकाहून बसने वकीलसाहेबांच्या मातोश्री डोन्या उसेबिया आपली उशी काखेत घेवोन ऑगस्टाच्या मुक्कामास दाखल जाहल्या. उंची तीन हात, तीही टाचा धरून, परंतु पुढे जे घडले त्यात सेनापती त्याच समजाव्या.

एक ऑगस्ट उजाडला. साडेपाच जाहले, धप् नाही. मातोश्री उठून स्वयंपाकघरात आल्या, तो पुत्राने दुकानातील तयार कार्रुलिमची चकचकीत बाटली पुढे ठेविली. मातोश्रींनी हुंगले आणि मोरीत ओतिले.

"सरबत आहे हे. सताप कुठंय? मागल्या खेपेला दारातच उखळ होतं, त्या बाईचं. कुठं गेलं?"

"आई, ते आम्ही हलवलं. म्हणजे सभेने. आवाज फार व्हायचा."

"कधी?"

"काल."

"एकतीसला? एर्मेस, तुला मी शिकवलं ते कशाला?"

"आई, ही सगळी अंधश्रद्धा..."

"गप बस. तुझा बाप ऑगस्टात गेला. त्या सकाळी पेला पुढं धरला तर म्हणाला, नंतर घेतो, बैल सोडून येतो. मी पेला झाकून ठेवला. तो तसाच राहिला."

यावर वकीलसाहेब उठले. त्यांणी बूट शोधावयास घेतले.

इकडे इमारतीत हाहाकार उडाला. दुकानांतील सताप आदल्या दिवशीच सरली, ऐसी खबर आली. पोटात अन्न नाही, सकाळचा माते नावाचा गरम पाल्याचा चहा नाही, आणि चिपावालीने हे वर्तमान ऐकून मुद्दाम दारातच टोपली उघडिली, तेव्हा चीजचा आणि बडीशेपेचा वास पाचही मजले चढून गेला. वेढा पडला तो ऐसा. दोघे भाऊ जिन्यात बसले, कुत्रे रडू लागले, आणि व्यवस्थापक प्रत्येकास सांगू लागले की आपण सही केली ती न वाचता केली. आठ वाजता डोन्या उसेबिया पुत्राचा कोपर धरून खाली उतरल्या, मागे उपाशी फौज, आणि सर्वांनी नदीकडे कूच केले.

काठावर रांग मासळीबाजार ओलांडून गेली होती. मध्ये देओलिंदा मुसळ चालवीत होती. तिने फौज पाहिली, आणि मुसळ न थांबविता बोलली.

"या, बेल्याविस्ता. सताप आहे, दारू आहे, लिंबं आहेत. पण तुमच्यासाठी कुटू कशी? आवाज होतो म्हणे माझा."

डोन्या उसेबिया पुढे जाहल्या. त्या दोघींची नजरानजर जाहली आणि उभयतांचे तेथेच जमले.

"बाई, पोरगं माझंच आहे. शिकलेलं आहे, त्याला इलाज नाही. काय करायचं ते सांग."

तेव्हा बाईने तह सांगितला. कलम पहिले, उखळ वकीलसाहेबांनी स्वतःचे खांद्यावर घेवोन चढावरोन जुने जागी न्यावे. कलम दुसरे, अर्जावर ज्यांच्या सह्या आहेत त्या प्रत्येकाने आपले हाताने मुसळाचे सात ठोके द्यावे, आणि ते तिसऱ्या मजल्यास ऐकू यावे. वकीलसाहेब बोलले की असा तह बेकायदा आहे. मातोश्रींनी पायातील सपात वाकून काढिली. तह मान्य जाहला.

मग ती चढण काय सांगावी! वकीलसाहेबांनी उखळ खांद्यावर घेतले आणि पाच पावलांत घामाघूम जाहले, बारपाशी पहिला मुक्काम, औषधाच्या दुकानापाशी दुसरा, आणि बारवाल्यांनी खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या पिटल्या, बसगाड्यांनी भोंगे दिले, डॉन तेओफिलो यांणी रेडिओ रस्त्यावर आणून पोल्का मोठा केला. मातोश्री मागून "पाठ सरळ ठेव" इतकेच म्हणत होत्या. झाडाखाली उखळ टेकले तेव्हा वकीलसाहेब त्यावरच बसले, आणि बाईने त्यांस हाताला धरून उठविले, कारण उखळावर बसू नये.

ठोके सुरू जाहले. वकीलसाहेबांनी दिले, दंतवैद्यांनी दिले, विधवा बाईंनी तर ऐसे दिले की कुत्रे पळाले, दोघे भाऊ आणि व्यवस्थापक यांणीही दिले. मग बाईने बोटे मोजली.

"सात होत्या ना सह्या?"

"सातवी वाचताच येत नव्हती," वकीलसाहेब म्हणाले.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. त्या समयी चिटणीस जिन्याच्या भिंतीवरील गळतीचा डाग फार बारकाईने पाहत होते. देओलिंदाने तिकडे एकवार पाहिले.

"जाऊ द्या. सहांत भागेल."

मग पेले फिरले. डोन्या उसेबिया यांणी पुत्राच्या तोंडाशी पेला धरला आणि घोट मोठ्याने मोजले.

"सहा झाले. अजून एक घे, बाळा. तुझ्या बापाने एकही घेतला नव्हता."

वकीलसाहेबांनी सातवा घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले ते सतापेच्या कडूपणाने, ऐसे त्यांणी सर्वांस सांगितले. मग लोक चिपावर तुटून पडले.

चिटणीस मात्र रांगेत उभे राहिले नाहीत. वर जाऊन खिडकीत बसले, उपाशी. वय त्यांचे एकाहत्तर, आणि आपला यावर विश्वास नाही हे त्यांणी स्वतःस तीन वेळा सांगितले. अकराचे सुमारास ही वही काखेस मारून, काही नोंदी तपासावयाच्या आहेत ऐसे निमित्त करोन, ते खाली उतरले. रांग सरली होती. उखळाशेजारी मेजावर एक पेला बशीने झाकून ठेविला होता.

"या, चिटणीस. भूक लागली असेल."

"हा कुणाचा पेला?"

"सातव्याचा. झोप हलकी आहे बिचाऱ्याची. झोपेचा पाला मीच देते ना त्याला, चार वर्षं झाली. झोपवते मी आणि उठवतेही मीच. चिडणारच की माणूस."

चिटणीसांनी पुसिले की तिला कधी कळले.

"कागद हातात आला तेव्हाच. गिचमिड म्हणे! जिन्यातल्या सगळ्या नोटिसा तुमच्या हातच्या, मला अक्षर कळत नाही होय? चला, घ्या मुसळ. उपाशीपोटी लाजू नये, भोवळ येते."

लाज वाटली, ती फार वाटली, हे येथे स्पष्ट लिहितो. चिटणीसांनी मुसळ घेतले आणि सात ठोके दिले, सर्व बळ लावून. पाचवा पडतो न पडतो तो तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडून वकीलसाहेब ओरडले, "कोण आहे तो? आता तरी झोपू द्या की!" आणि आतून मातोश्रींचा आवाज आला की खिडकी लाव. मग चिटणीसांनी बशी काढिली आणि सात घोट घेतले.

येणेप्रमाणे उखळाची फत्ते जाहली. उखळ जुने जागी कायम असे, रोज साडेपाचास चालते, आणि ते कोणी उठवू नये ऐसा ठराव सर्वानुमते या वहीत रुजू केला असे. मोहिमेत कोणी दगावले नाही. डोन्या उसेबिया सप्टेंबर पाहोन गावी परतल्या. मूळ अर्ज बाईने चोळीतून काढून मला परत दिला, तो या पानास डकविला आहे. त्यावर सातवे ठिकाणी जी सही वाचता येत नाही ती येथे स्वच्छ अक्षरांत पुन्हा करितो.

सेलसो इन्सफ्रान, चिटणीस, पाचवा मजला.