भिंतीला भोक पाडायचं नाही

बेसिनखालचा ग्रॅनाइटचा दगड कसा बसवावा, हे अख्ख्या सोलापुरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मी सगळं वाचलं होतं. दगड दोन बोटं भिंतीत घुसवायचा, खाली लोखंडी अँगल ठोकायचे. सिलिकॉन अगदी शेवटी, फट बुजवण्यापुरतं.

आईचे गुडघे गेलेत. तोंड धुताना ती अप्पांच्या खांद्याला धरून उभी राहायची. अप्पा श्रावणात गेले. आता तिला धरायला काहीतरी हवं होतं, आणि ते हलता कामा नये.

संगप्पा मिस्त्रीने ड्रिल सुरू केलं तेवढ्यात मैंदर्गीहून ईश्वरप्पाकाका आले. अप्पांचे धाकटे भाऊ.

"बंद कर ते. दादाचं वर्ष सरलं न्हाय. तवर भिंतीला भोक पाडायचं न्हाय."

"काका, आईला आधार लागतो."

"बांधकाम न्हाय म्हंजे न्हाय, वैजू."

संगप्पाने मशीन खाली ठेवलं. "मग नुसता चिटकवू का, अण्णा?"

काकांनी डोळे मिटून विचार केला. "चिटकवणं बांधकामात येत न्हाय."

"आणि खाली?" मी विचारलं.

"इटा लावू की, ताई."

"सिमेंट लावू नको," काका म्हणाले. "सिमेंट लागलं की बांधकाम झालं."

संतापाने मी इतकी गप्प झाले, की संगप्पाला वाटलं मला पटलं.

संध्याकाळी दगड बसला. तिघांच्या बाकावर चौथा बसावा तसा, अर्धा अधांतरी.

"वहिनी, या. धरून बघा," काकांनी हाक मारली.

"आधी तुम्ही धरा," मी म्हणाले.

काका चांगले नव्वद किलोचे. त्यांनी दोन्ही हात टेकले, आरशात मिशा न्याहाळल्या आणि आरशातून नाहीसे झाले.

विटा चौफेर. नळाचा पाइप निघून पाणी थेट छताला. काका फरशीवर बसलेले, दोन पायांच्या मधोमध दगड. दोघेही शाबूत.

"बघितलंस?" काका धोतर पिळत म्हणाले. "दादालाच पसंत न्हवतं."

"अप्पांना?" माझा आवाज गल्लीत गेला असणार. "आई पडली असती, तर तेही अप्पांच्याच नावावर घातलं असतं का तुम्ही?"

काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आई भिंत धरत दारात आली.

"भाऊजी, उठा. संगप्पा, उद्या ये आणि पाड भोक. ह्यांच्या वर्षाचं माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी दगड भिंतीत शिरला, अँगलवर बसला. संगप्पा त्यावर उभा राहून उतरला. मग आई आत गेली, सगळा भार टाकून तिने निवांत तोंड धुतलं.

"पक्का हाय गं," ती आतून म्हणाली. "नुसतं 'सावकाश, पडशील' म्हणून वसवस करत न्हाय, एवढंच."

मी दाराबाहेरून खेकसले, "सावकाश, पडशील!"

"ह्यांच्यापेक्षा आवाज मोठा हाय तुझा," आई म्हणाली.